लेकीला स्पॅनिश घेऊ दे, फिजिक्स कुठे पळून जात नाही

पत्र असं आलंय:

"ताई, आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो, मूळचे नाशिकचे. मुलगी ऑगस्टच्या शेवटी कॉलेजला जाणार. डॉक्टर व्हायचंय हे तिचं सातवीपासूनचं. पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रेशन आहे आणि घरात रोज भांडण. हे म्हणतात बायॉलॉजीच मेजर, म्हणजे मुख्य विषय, घ्यायचं, पहिल्याच सेमिस्टरला बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, कॅल्क्युलस सगळं घेऊन टाकायचं, एपीचे, म्हणजे शाळेतच दिलेल्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचे, क्रेडिट लावायचे आणि तीन वर्षांत डिग्री उरकायची. ती म्हणते मला अँथ्रोपॉलॉजी मेजर करायचंय आणि स्पॅनिश सोडायचं नाहीये. एपी बायोला पाचपैकी ५ आहेत, केमिस्ट्रीला ४, कॅल्क्युलसला ५. अकरावीत असताना काउंटी कॉलेजचा एक क्लासही केलाय तिने. ह्यांनी तर एमकॅटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, सात पुस्तकांचा सेट मागवून ठेवलाय. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. काय घ्यायला सांगू? - दोघांच्या मधली आई"

अगं दोघांच्या मधली आई, आधी चहा ठेव, उत्तर मोठं आहे.

तुझ्या नवऱ्यावर मी चिडणार नाहीये, कारण तो जे बोलतोय ते त्याच्या डोक्यातल्या बी ग्रुपमधून येतंय. आपल्याकडे अकरावीला बी ग्रुप घेतला की रस्ता ठरला, फिजिक्स केमिस्ट्री बायॉलॉजी, बारावी, नीट, आणि लागला नंबर की सरळ एमबीबीएस. विषय चुकला तर दारच बंद. म्हणून आपल्या पिढीच्या मनात पक्कं बसलंय की डॉक्टर व्हायचं तर बायॉलॉजी, आणि जितकं लवकर जितकं जास्त तितकं चांगलं. इथे गणित वेगळं आहे. इथे आधी चार वर्षं कॉलेज, कुठल्याही विषयात, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, मग रेसिडन्सी. प्रीमेड ही डिग्रीच नाहीये गं, ती नुसती एक यादी आहे, अमुक इतके कोर्स झालेले पाहिजेत एवढीच. ते कोर्स करता करता तू मेजर संगीत घे, गणित घे, अँथ्रोपॉलॉजी घे, मेडिकल स्कूलला फरक पडत नाही. म्हणजे मेजरचं तुमचं जे रोजचं भांडण आहे ना ते चुकीच्या जागेवर चाललंय. भांडायचंच असेल तर पहिल्या सेमिस्टरच्या टाइमटेबलवर भांडा, नुकसान तिथे होतं.

यादी सांगते, म्हणजे एकदाची मोकळी. बायॉलॉजी एक वर्ष लॅबसकट, जनरल केमिस्ट्री एक वर्ष लॅबसकट, ऑर्गॅनिक केमिस्ट्री साधारण एक वर्ष लॅबसकट, फिजिक्स एक वर्ष लॅबसकट, बायोकेमिस्ट्री एक सेमिस्टर, इंग्लिश किंवा रायटिंगचे एक-दोन कोर्स, आणि गणितात स्टॅटिस्टिक्स असलेलं बरं, कॅल्क्युलस काहीच ठिकाणी मागतात. त्यावर सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजीचा एकेक सुरुवातीचा कोर्स, कारण २०१५ पासून एमकॅटमध्ये तो एक अख्खा विभागच आहे. मेडिकलच्या शाळेशाळेत थोडं इकडेतिकडे असतं, काहींनी कोर्सची सक्ती काढून नुसतं हे हे यायला पाहिजे असं लिहून ठेवलंय, त्यामुळे दुसऱ्या वर्षी तिने एमएसएआर नावाचा जो एएएमसीचा, म्हणजे इथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचा, डेटाबेस आहे त्याचे पैसे भरावेत आणि आपल्या दहा-पंधरा शाळा स्वतः बघाव्यात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाच्या तरी भाच्याने काय घेतलं होतं त्यावर जाऊ नका.

ही यादी आली कुठून माहितीय? १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर नावाच्या माणसाने अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांचा एक रिपोर्ट लिहिला, त्यात त्याने म्हटलं की मेडिकलला येण्याआधी पोराला बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स यायला पाहिजे. त्याच्या आधी बऱ्याच ठिकाणी असलं काही लागायचंच नाही. आणि आता आनंदीबाईंचं नाव काढल्याशिवाय मराठी माणसाला मेडिकलवर बोलता येत नाही, तर काढतेच. १८८३ साली त्या १८ वर्षांच्या असताना न्यूयॉर्कला उतरल्या आणि राहिल्या कुठे, तर तुमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर, रोझेलला, कार्पेंटरबाईंकडे. तिथून फिलाडेल्फियाच्या मेडिकल कॉलेजात, आणि १८८६ ला डॉक्टर. ना बीएस्सी, ना ऑर्गॅनिक केमिस्ट्री. तुझ्या लेकीच्याच वयाच्या होत्या. अर्थात त्यांचे हाल बाकी सगळ्या बाजूंनी झाले, ते सोड, मला एवढंच म्हणायचंय की ही यादी काही वेदात लिहिलेली नाही.

आता टाइमटेबल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझे हात भाजलेत.

माझा मुलगा कॉलेजला गेला तेव्हा मी आज करते ते काम करत नव्हते. आज मी एका कॉलेजात प्रीमेडच्या मुलांना कोर्स निवडायला बसवते, तेव्हा मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये स्लाइडा बघत होते, मिरजेची बीएस्सी मायक्रो, मला वाटायचं सायन्स मला कळतं. आम्ही दोघांनी डायनिंग टेबलावर बसून त्याचं पहिलं सेमिस्टर आखलं. बायो ४ क्रेडिट, केमिस्ट्री ४, फिजिक्स ४, कॅल्क्युलस ४, आणि रायटिंग ३ कारण ते सगळ्यांनाच घ्यावं लागतं. १९ क्रेडिट. अॅडव्हायझरने विचारलं पण होतं नक्की का, आम्ही म्हटलं हुशार आहे हो, एपीला सगळे पाच आहेत. अगदी तुझ्या नवऱ्याचाच प्लॅन, शब्दाशब्दाला.

गणपतीला घरी आला तेव्हा मोदकाचं ताट एका मांडीवर आणि केमिस्ट्रीची लॅब नोटबुक दुसऱ्या मांडीवर. आरतीला उभा राहिला तर डोळे मिटलेले, मला वाटलं भक्ती, तो उभ्या उभ्या झोपला होता. लॅबचं कसं असतं बघ, कागदावर ती एक क्रेडिट दिसते, पण आठवड्यातली एक दुपार तीन-चार तास तिथे उभं राहायचं, वर प्रीलॅब आधी लिहून न्यायचं, वर रिपोर्ट नंतर लिहायचा, तो रविवारी रात्री बाराच्या आत अपलोड करायचा. अशा तीन लॅब. म्हणजे तीन दुपारी आणि सगळे वीकएंड गेलेच. आपल्यासारखं नाही की जर्नल वर्षाच्या शेवटी मैत्रिणीचं उतरवून काढलं आणि सरांची सही घेतली. ऑक्टोबरमध्ये केमिस्ट्रीच्या दुसऱ्या परीक्षेत आपटला, फोनवर म्हणाला आई मी एक कोर्स सोडू का, अजून विथड्रॉ करायची तारीख आहे. आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं मैदान सोडून पळायचं नाही. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. एक डब्ल्यू लागला असता ट्रान्स्क्रिप्टवर, जीपीएमध्ये धरतसुद्धा नाहीत तो. त्याऐवजी चार सायन्समध्ये मिळून चारपैकी २.५ च्या आसपास आलं त्याचं.

आता तुझ्या नवऱ्याला कागद पेन घेऊन बसव. इंजिनिअर आहे का गं तो? बहुतेक असणारच. अर्ज करताना जे ॲमकास आहे, म्हणजे मेडिकल स्कूलांच्या अर्जाची सामाईक व्यवस्था, ते दोन जीपीए काढतं, एक सगळ्याचा आणि एक नुसता बायो केमिस्ट्री फिजिक्स मॅथ्सचा. चार वर्षांत हे सायन्सचे साधारण ६० क्रेडिट होतात समज. पहिल्या सेमिस्टरचे १६ गेले २.५ ने. पुढचे सगळे ४४ माझ्या मुलाने घाम गाळून ३.८ ने काढले. बेरीज कर, भाग दे. ३.४५. आणि मेडिकलला जे लागतात त्यांची सरासरी ३.७ च्या वर असते. साडेतीन वर्षं उत्तम अभ्यास करूनसुद्धा ते चार महिने धुतले जात नाहीत. आपल्याकडे केटी लागली तर पुढच्या वेळी काढली की विषय संपला. इथे ॲमकास तोच कोर्स परत केला तरी जुना मार्क आणि नवा मार्क दोन्ही धरतं. केटी निघते पण डाग जात नाही. ऑस्टिओपॅथीवाल्या म्हणजे डीओच्या शाळांचा वेगळा अर्ज असतो, ते पूर्वी नवाच मार्क धरायचे, २०१७ पासून तेही दोन्ही धरायला लागलेत.

(एक सी प्लस आला म्हणून रडत बसू नका हं. वरच्याच हिशोबात एकच ४ क्रेडिटचा कोर्स २.३ ने गेला आणि बाकी सगळं चांगलं असलं तर काही बिघडत नाही. मारतं ते काय, तर एकाच वेळी चार ठिकाणी घसरणं.)

मुलाचं काय झालं तर झाला डॉक्टर, पण दोन वर्षं जास्त लागली, त्यातलं एक वर्ष अॅम्ब्युलन्सवर काढलं त्याने आणि एक वर्ष परत अभ्यासात. तो म्हणतो अॅम्ब्युलन्सचं वर्ष बेस्ट होतं. पण ते त्याने ठरवून घेतलेलं नव्हतं ना, आमच्या १९ क्रेडिटने घ्यायला लावलं.

मग तिने काय घ्यावं? पहिल्या सेमिस्टरला दोन सायन्स, तिसरं नाही. जनरल केमिस्ट्री लॅबसकट ४, बायो लॅबसकट ४, रायटिंग ३, स्पॅनिश ३. चौदा. संपलं. फुल टाइमला १२ लागतात, पंधराच्या आसपास सगळे घेतात, तर हे अगदी व्यवस्थित आहे. दुसऱ्या सेमिस्टरला त्याच दोघींचा पुढचा भाग, अँथ्रोपॉलॉजीचा पहिला कोर्स आणि स्टॅटिस्टिक्स. स्टॅटिस्टिक्स मॅथ्समध्ये धरतात, तिला कॅल्क्युलसला पाच आहेत म्हणजे गणिताला घाबरत नाही ती, चांगला मार्क येईल आणि तो सायन्सच्या जीपीएत पडेल. दुसऱ्या वर्षी ऑर्गॅनिक आणि त्याच्या शेजारी दुसरं अवघड काही नाही, सायकॉलॉजी घ्यावी, सोशिऑलॉजी घ्यावी, अँथ्रोपॉलॉजीचे कोर्स घ्यावेत. ऑर्गो ही पाठांतराची गोष्ट वाटते पण नाहीये, रोज अर्धा पाऊण तास कागदावर बाण काढत बसावं लागतं, रियाज असतो तसा, शनिवारी आठ तास बसून भरून निघत नाही. तिसऱ्या वर्षी फिजिक्स आणि बायोकेमिस्ट्री. फिजिक्स कुठे पळून जात नाही, तिसऱ्या वर्षी घेतलं तरी तेच न्यूटन आणि तेच पुली.

बायोकेमिस्ट्री मात्र एमकॅटच्या आधी झालीच पाहिजे. एमकॅटच्या दोन सायन्स विभागांत, बायोच्याही आणि केमिस्ट्री-फिजिक्सच्याही, साधारण पाव प्रश्न बायोकेमचे असतात. पोरं फिजिक्सच्या मागे लागतात आणि हा कोर्स चौथ्या वर्षावर ढकलतात, मग परीक्षेच्या आधी दीड महिन्यात अमिनो ॲसिड पाठ करत बसतात.

आता एपी. इथे तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. कॉलेजने क्रेडिट दिलं म्हणजे मेडिकल स्कूलने मानलं असं नाही. बऱ्याच शाळा म्हणतात एपीने सुरुवातीचा कोर्स सोडला असलास तर त्याच विषयातला वरचा कोर्स करून दाखव. म्हणजे बायोला ५ आहेत म्हणून जनरल बायो सोडलीच, तर जेनेटिक्स किंवा सेल बायॉलॉजी घ्यावी लागेल, म्हणजे वाचलं काहीच नाही. आणि केमिस्ट्रीला ४ आहेत म्हणून जनरल केमिस्ट्री सोडून पहिल्याच सेमिस्टरला ऑर्गोमध्ये उडी, असं करू देऊ नकोस. कुणी कुणी करतात आणि छान करतात, पण त्या वर्गात बाकी सगळे एक वर्ष जुने झालेले असतात, त्यांना कळलेलं असतं की प्रोफेसरच्या ऑफिस अवरला कसं जायचं, जुने पेपर कुठे मिळतात, कॅफेटेरिया कधी बंद होतो. तुझी लेक पहिल्यांदाच घराबाहेर राहणार आहे, तिला आधी कपडे धुवायला शिकू दे. कॅल्क्युलसचं क्रेडिट मात्र खुशाल लावा, तिथे फारसं अडत नाही.

आणि तो काउंटी कॉलेजचा क्लास! त्यात तिला किती मार्क मिळाले होते ते बघून ठेव. शाळेत असताना केलेला असला तरी कॉलेजचा कोर्स तो कॉलेजचाच, ॲमकासला त्याचा ट्रान्स्क्रिप्ट द्यावा लागतो आणि मार्क हिशोबात येतो. दरवर्षी माझ्यासमोर चार-पाच तरी मुलं बसतात ज्यांना हे अर्जाच्या आदल्या महिन्यात कळतं.

तीन वर्षांचं म्हणशील तर, उलट मोजत ये म्हणजे कळेल. मेडिकलला अर्ज जातो तो प्रवेशाच्या वर्षभर आधी, मे महिन्यात ॲमकास उघडतं, जूनच्या सुरुवातीला पाठवलेला बरा. त्याच्या आधी एमकॅट झालेली पाहिजे. म्हणजे तीन वर्षांत डिग्री आणि लगेच मेडिकल असं हवं असेल तर दुसरं वर्ष संपताना अर्ज, म्हणजे दोन वर्षांत बायो, केमिस्ट्री, ऑर्गो, फिजिक्स, बायोकेम, वर एमकॅट, वर हॉस्पिटलमधले तास, वर कुणाच्या तरी लॅबमध्ये रिसर्च. वीस वर्षांच्या पोरीने हे सगळं कधी करायचं, झोपेत? आणि हे करून मिळणार काय, जिथे मेडिकलला जाणारी निम्म्याहून जास्त मुलं आता कॉलेजनंतर वर्ष-दोन वर्षं बाहेर काढूनच जातात. घाईघाईने पोचणाऱ्याला तिथे वेगळी रांग नाहीये.

हां, पैशाचं कारण असेल तर मी गप्प बसते, कारण मेडिकल स्कूल संपताना कर्ज काढलेल्या मुलांच्या डोक्यावर साधारण दोन लाख डॉलर असतात आणि कॉलेजचं एक वर्ष वाचलं तर ते खरंच वाचतं. पण मग असं करा, तीन वर्षांत डिग्री घ्या आणि चौथं वर्ष तिने नोकरी करावी, स्क्राइब म्हणजे डॉक्टरच्या नोंदी लिहिणारी म्हणून, मेडिकल असिस्टंट म्हणून, आणि अर्ज त्या वर्षी. एक वर्षाची फी वाचली आणि घाईही नाही. हे नवऱ्याला सांग, त्याला आवडेल, त्याच्या तीन वर्षांचा मान राहतो.

आता लेकीच्या बाजूचं बोलू. अँथ्रोपॉलॉजी. मेडिकलला अर्ज करणारे निम्म्याहून जास्त बायॉलॉजीवालेच असतात, म्हणून लागलेल्यातही तेच जास्त दिसतात आणि आपल्याला वाटतं बायॉलॉजी घेतलं म्हणून लागले. एएएमसी दरवर्षी मेजरप्रमाणे तक्ता छापतं, त्यात ह्युमॅनिटीजवाल्यांचं लागण्याचं प्रमाण बायॉलॉजीवाल्यांपेक्षा कमी नसतं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने तर १९८७ सालीच एक प्रयोग सुरू केला, ह्युमॅनिटीज आणि सोशल सायन्सची मुलं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातच निवडून घ्यायची, ऑर्गो नको, फिजिक्स नको, एमकॅट नको. पुढे २०१० साली त्यांनी हिशोब छापला की ही मुलं मेडिकलच्या अभ्यासात बाकीच्यांच्या बरोबरीने चालली. आता म्हणून तुझ्या लेकीने ऑर्गो सोडायची असं नाही, बाकी शाळांना ती लागतेच, पण बायॉलॉजी मेजर नसेल तर डॉक्टर कशी होणार हे जे तुझ्या नवऱ्याचं आहे ना, त्याला हे वाचायला दे.

आणि एमकॅटच्याच भाषेत बोलायचं तर चार विभाग असतात, प्रत्येकी ११८ ते १३२, एकूण ४७२ ते ५२८. त्यातला कार्स नावाचा विभाग नुसता वाचनाचा आहे, ९० मिनिटांत नऊ उतारे आणि ५३ प्रश्न, उतारे सगळे इतिहास, कला, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र असले. त्यात बाहेरचं ज्ञान लागत नाही, म्हणजे पाठ करून काही होत नाही, आणि म्हणूनच आपली मुलं तिथे अडकतात, बायोत १३० आणि कार्समध्ये १२४ हे चित्र मी इतक्यांदा बघितलंय की आता हसू येतं. चार वर्षं जाडजूड लेख वाचून त्यावर वाद घालणाऱ्या मुलीला हा विभाग सोपा जातो. दुसरा तो सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा विभाग, तिथेही अँथ्रोपॉलॉजीवाली मुलगी अर्धी वाट चालून आलेली असते. म्हणजे चारातले दोन विभाग तिच्या आवडीतूनच तयार होतायत आणि बाप म्हणतोय हे टाइमपास विषय आहेत.

स्पॅनिशबद्दल तर मी भांडायला तयार आहे. एडिसनहून पर्थ अॅम्बॉय किती लांब गं? तिथल्या कुठल्याही क्लिनिकमध्ये तासभर बसून ये, किती जण स्पॅनिशमध्ये बोलतात ते बघ. म्हातारी बाई पोट दाबून सांगतेय कुठे दुखतं आणि समोरचा डॉक्टर फोनवरच्या दुभाष्याला विचारतोय ती काय म्हणाली. माझी आई इथे आली होती तेव्हा तिला पोटात 'कळ' येते आणि 'भगभगतं' यातला फरक इथल्या डॉक्टरला कसा सांगायचा यात माझी अर्धी अपॉइंटमेंट गेली होती, आणि मी तर इंग्लिश बोलणारी. तेव्हापासून माझं मत आहे की इथे डॉक्टर होणाऱ्याने दुसरी भाषा शिकणं हा ऑर्गोच्या खालचा विषय नाही.

अजून एक गोष्ट, कोणी सांगत नाही. अर्जासोबत प्रोफेसरांची पत्रं लागतात, सहसा दोन सायन्सवाल्यांची आणि एक सायन्सबाहेरच्याचं. जनरल बायोच्या हॉलमध्ये तीनशे मुलं बसतात, तिथल्या प्रोफेसरला तुझी लेक कोण हे स्वप्नातसुद्धा माहीत नसणार. स्पॅनिशच्या वर्गात वीस असतात. तिथे ती चार सेमिस्टर बसली तर तिच्याबद्दल दोन पानं लिहिणारं माणूस आपोआप तयार होतं. सायन्समध्ये मात्र तिने ठरवून ऑफिस अवरला जायला पाहिजे, प्रश्न असो नसो, तिला म्हणावं प्रश्न तयार करून जा.

बारीकसारीक उरलंय ते पटापट. यादीतले कोर्स पास-फेलवर घ्यायचे नाहीत, मार्कांवरच घ्यायचे. ऑर्गो उन्हाळ्यात काउंटी कॉलेजला स्वस्तात उरकू असं कुणीतरी सुचवेल, पाच-सहा आठवड्यांत अख्खं सेमिस्टर कोंबतात, काही मेडिकल स्कूल्स नाकही मुरडतात, त्यापेक्षा उन्हाळ्यात स्टॅटिस्टिक्स घ्या किंवा काहीच घेऊ नका. कोर्स बदलायचा असेल तर पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात बदलता येतो आणि त्याचा मागमूस राहत नाही, त्यानंतर डब्ल्यूची तारीख असते. या दोन तारखा कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये बघून फ्रिजवर लावा, आणि तिने ऑक्टोबरमध्ये फोन केला तर मी जे म्हटलं ते म्हणू नकोस.

तुझी मुलगी इथेच जन्मली असेल असं धरून मी हे सगळं लिहिलंय. पण हे वाचणाऱ्यांत कुणी एच-फोरवर, म्हणजे आईबापाच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असलेल्या मुलांचे आईबाप असतील तर कोर्सच्या आधी त्यांनी व्हिसाचं बघा, कारण २१ वर्षं पूर्ण झाली की एच-फोर संपतो, मग विद्यार्थ्यांचा एफ-वन, आणि बऱ्याच मेडिकल स्कूल्स ग्रीन कार्ड नसलेल्यांचा अर्जच घेत नाहीत. जिथे घेतात त्या शाळा आधी शोधून त्यांच्याच अटी बघून कोर्स ठरवा.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी लॅपटॉप तिच्या हातात दे. तुम्ही दोघं खोलीबाहेर. केमिस्ट्रीचा सेक्शन सकाळी आठचा घेऊ नको म्हणावं, उठणार नाहीये ती, आणि लॅब शुक्रवारी दुपारची मिळत असेल तरी नको, सगळे घरी जात असतात आणि ही ब्युरेट घेऊन उभी.

आणि तो सात पुस्तकांचा सेट. एमकॅटचा स्कोअर बहुतेक शाळा दोन-तीन वर्षंच मानतात, त्यामुळे ती परीक्षा लवकर देऊन ठेवता येत नाही, तिसऱ्या वर्षाच्या आधी त्या पुस्तकांना हात लावायचं कारण नाही, आणि तोवर नवी आवृत्ती येईल. रिटर्नची तारीख गेली नसेल तर खोका उघडू नका.